पत, शेरा आणि साक्ष : ऑनलाइन लिलावातल्या न्यायाचा इतिहास



आजचा विषय वाचून काही जणांना प्रश्न पडला असेल की, तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस एकदम बाजारात कसा शिरला? पण खरं सांगायचं तर नीतीचे प्रश्न पोथीत जेवढे पडत नाहीत तेवढे बाजारात पडतात. दोन अनोळखी माणसं, मध्ये एक वस्तू, आणि एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात जाणारे पैसे. कोण कोणावर विश्वास ठेवणार, आणि का?

ऑनलाइन लिलावात व्यवहार पुरा झाला की घेणारा विकणाऱ्याबद्दल दोन शब्द लिहितो, आणि काही काळ तरी अशी रीत होती की विकणाराही घेणाऱ्याबद्दल लिहीत असे. याला सगळे 'फीडबॅक' म्हणतात. मी आज आपला कचेरीतला जुना शब्द वापरणार आहे, 'शेरा'. शेरा म्हटलं की त्यात मताबरोबर अधिकारही येतो. साहेबाने फायलीवर शेरा मारला की काम अडतं किंवा सुटतं. ऑनलाइन बाजाराने हा शेरा मारण्याचा अधिकार कोट्यवधी सामान्य माणसांच्या हाती दिला. तो अधिकार कसा वापरला गेला, कुठे बिघडला आणि दुरुस्त करताना काय गमावलं, हा इतिहास आज पाहायचा आहे. उदाहरण एकच घेऊ, ईबे या अमेरिकी लिलावस्थळाचं. या प्रश्नाची जवळजवळ प्रत्येक बाजू तिथे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर तपासली गेली.

जुन्या बाजारातली पत

मराठीत 'पत' हा शब्द मोठा बोलका आहे. उधार मिळण्याची लायकी म्हणजे पत, आणि चारचौघांतली किंमत म्हणजेही पतच. आर्थिक आणि नैतिक अशा दोन गोष्टी भाषेने एकाच शब्दात बांधून ठेवल्या आहेत. गावच्या बाजारात पत आपोआप ठरते. दुकानदार कोण, त्याचा बाप कोण, त्याचं माप कसं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. प्रश्न येतो तो माणूस दूर असेल तेव्हा.

अकराव्या शतकात भूमध्य समुद्राभोवती व्यापार करणाऱ्या मगरिबी ज्यू व्यापाऱ्यांपुढे हाच प्रश्न होता. माल कैरोहून सिसिलीला पाठवायचा, तिथला अडत्या तो विकणार, पैसे तो परत पाठवणार. त्याने मधेच हात मारला तर? कैरोच्या एका सिनेगॉगमध्ये जुनी कागदपत्रं साठवायची एक खोली होती, तिला 'गेनिझा' म्हणतात. तिथे या व्यापाऱ्यांची पत्रं सापडली. आव्नेर ग्रीफ या आर्थिक इतिहासकाराने त्यांवरून अशी मांडणी केली की हे व्यापारी अडत्यांच्या वागण्याची बातमी पत्रांतून एकमेकांना कळवत, आणि एकाला फसवणाऱ्याला बाकीचेही काम देत नसत. म्हणजे शेरा होता. पण तो एका बिरादरीच्या आतला शेरा होता. लिहिणाऱ्याला वाचणारे ओळखत होते.

बिरादरी नसेल तिथे काय? १८३७ साली अमेरिकेत मोठी मंदी आली. न्यूयॉर्कमधले रेशमाचे व्यापारी लुईस टॅपन आणि त्यांचे बंधू उधारीच्या धंद्यात बुडाले. हे टॅपन बंधू गुलामगिरीविरोधी चळवळीतले नावाजलेले कार्यकर्ते. १८४१ साली लुईस टॅपन यांनी 'मर्कंटाइल एजन्सी' काढली. गावोगावी वार्ताहर नेमले, त्यांत स्थानिक वकील पुष्कळ. ते आपल्या गावातल्या व्यापाऱ्यांची माहिती न्यूयॉर्कला कळवत: धंदा कसा आहे, कर्ज किती, स्वभाव कसा, दारू पितो का. हे सगळं जाड वह्यांत उतरवलं जाई आणि वर्गणी भरणाऱ्याला कचेरीत ऐकवलं जाई. आज 'डन अँड ब्रॅडस्ट्रीट' म्हणून जी कंपनी प्रसिद्ध आहे तिचा हा पूर्वज.

यात एक मोठी नैतिक अडचण होती. ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला ते दिसत नसे, आणि लिहिणारा कोण हे कळत नसे. ओहायो राज्यातल्या एका व्यापाऱ्याबद्दल असा अहवाल गेला की त्याची बायको घटस्फोट आणि पोटगी मागणार आहे, म्हणजे त्याला उधार देणं धोक्याचं. त्याने अब्रुनुकसानीचा खटला भरला. १८५१ साली ज्यूरीने त्याला १०,००० डॉलर भरपाई देऊ केली, पण पुढे सुप्रीम कोर्टात तो निकाल टिकला नाही. या खटल्यात एजन्सीच्या एका भागीदाराने वार्ताहरांची नावं सांगायला नकार दिला आणि त्यापायी तुरुंगवास पत्करला. हा प्रसंग लक्षात ठेवा. साक्षीदाराला संरक्षण हवं, हेही खरं. आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याला आरोप कळला पाहिजे आणि उत्तर देता आलं पाहिजे, हेही खरं. पुढची सगळी गोष्ट या दोन खऱ्यांमधल्या ओढाताणीची आहे.

१९९६ : उघड्यावरचा शेरा

आता कॅलिफोर्नियात येऊ. सप्टेंबर १९९५ मध्ये पिअर ओमिड्यार या प्रोग्रॅमरने 'ऑक्शनवेब' नावाचं लिलावाचं पान सुरू केलं. तेच पुढे ईबे झालं. पहिली विकलेली वस्तू म्हणजे एक बिघडलेला लेझर पॉइंटर, किंमत १४.८३ डॉलर. घेणाऱ्याला तो बिघडलेला आहे हे माहीत आहे ना, अशी ओमिड्यार यांनी खात्री करून घेतली. तर तो म्हणाला, मी बिघडलेले लेझर पॉइंटरच जमवतो. ओमिड्यार ही आठवण सांगत आले आहेत. मला ती आवडते ती वेगळ्या कारणासाठी. विकणाऱ्याने दोष झाकला नाही आणि घेणाऱ्याला पूर्ण माहिती होती. असा व्यवहार झाला की शेऱ्याची गरजच उरत नाही.

पण सगळे व्यवहार असे नसतात. इथे गावच्या बाजारासारखं 'एका हाताने दे, दुसऱ्या हाताने घे' असं नव्हतं. घेणाऱ्याने आधी पैसे पाठवायचे, तेही तेव्हा बहुधा टपालाने चेक किंवा मनी ऑर्डर. मग विकणारा वस्तू पाठवणार. तक्रारींची पत्रं ओमिड्यार यांच्याकडे येऊ लागली. हा मला असं म्हणाला, तो मला तसं म्हणाला. एकटा माणूस किती भांडणं सोडवणार? फेब्रुवारी १९९६ मध्ये त्यांनी सगळ्या वापरकर्त्यांना एक खुलं पत्र लिहिलं आणि 'फीडबॅक फोरम' सुरू केला. पत्राचा आशय असा: बहुतेक माणसं प्रामाणिक असतात, थोडी नसतात, तक्रार असेल तर ती माझ्या कानात न सांगता सगळ्यांसमोर मांडा, आणि कोणी चांगलं वागलं तर तेही आवर्जून सांगा.

रचना साधी होती. चांगला शेरा म्हणजे अधिक एक, वाईट म्हणजे उणे एक, मधला म्हणजे शून्य. सोबत छोटंसं वाक्य. बेरीज नावापुढे कंसात दिसे. दहा गुण झाले की पिवळा तारा, उणे चारपर्यंत घसरला की हकालपट्टी. आणि दोघांनी एकमेकांना शेरा द्यायचा.

टॅपन यांच्या वह्यांशी तुलना करून बघा. इथे शेरा सर्वांना दिसतो, ज्याच्याबद्दल लिहिलं त्यालाही. लिहिणाऱ्याचं वापरनाव दिसतं, त्याची स्वतःची पत दिसते, आणि शेऱ्याखाली उत्तर लिहिता येतं. नैतिक दृष्टीने ही मोठीच प्रगती होती. मग बिघडलं कुठे?

साक्षीदार कोणाला म्हणावं

इथे थोडं थांबून एक तात्त्विक मुद्दा घेतो, कारण पुढच्या भागाला तो लागणार आहे. शेरा हे नुसतं मत नाही. 'वस्तू वर्णनाप्रमाणे होती', 'पैसे वेळेवर मिळाले' ही विधानं म्हणजे साक्ष आहे. आपल्या न्यायदर्शनात ज्ञानाची चार प्रमाणं मानली आहेत आणि त्यांतलं चौथं 'शब्द', म्हणजे विश्वासू माणसाचं सांगणं. हा विश्वासू माणूस, ज्याला तिथे 'आप्त' म्हटलं आहे, तो कोण? आपल्या बोलीत आप्त म्हणजे नातेवाईक, पण इथे तो अर्थ नाही. भाष्यकार वात्स्यायन दोन कसोट्या सांगतो. ज्या गोष्टीबद्दल तो बोलतोय ती त्याने प्रत्यक्ष जाणलेली असली पाहिजे. आणि जशी जाणली तशीच दुसऱ्याला कळावी, एवढ्याच इच्छेने तो बोलत असला पाहिजे. वात्स्यायन पुढे एक विलक्षण गोष्ट सांगतो: ही व्याख्या ऋषी, आर्य आणि म्लेच्छ सर्वांना सारखीच लागू आहे. म्हणजे साक्षीदाराचं कूळ विचारायचं नाही. तो जाणतो का आणि खरं सांगू इच्छितो का, एवढंच विचारायचं.

अनोळखी माणसाच्या शब्दावर चालणाऱ्या बाजाराला याहून चांगला पाया कुठला मिळणार? ईबेवरच्या घेणाऱ्याकडे पहिली गोष्ट होती. वस्तू त्याच्याच हातात आली होती. मेख होती ती दुसऱ्या कसोटीत.

आधी कोणी?

पॉल रेझनिक आणि अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड झेकहाउझर यांनी ईबेवरच्या १९९९ च्या व्यवहारांचा अभ्यास केला. निम्म्याहून थोड्या अधिक व्यवहारांत घेणाऱ्याने शेरा दिला होता, आणि त्या शेऱ्यांपैकी ९९.१ टक्के चांगले होते. आता बघा, अनोळखी लोकांचा, जुन्यापुराण्या वस्तूंचा, टपालाने चालणारा बाजार, आणि त्यात नाराज माणूस शेकड्यात एकही नाही? कुठल्याही शाळेचा निकाल असा लागला तर आपण पेपर तपासणाऱ्याकडे संशयाने पाहू.

कारण शोधायला लांब जावं लागत नाही. दोघांनी एकमेकांना शेरा द्यायचा, तर आधी कोणी द्यायचा? हा प्रश्न ईबेच्या लोकांत वर्षानुवर्षं धगधगत होता, आणि दोन्ही बाजूंकडे युक्तिवाद होते.

घेणारा म्हणे: माझं कर्तव्य काय, तर वेळेवर पैसे देणं. मी दिले. माझा भाग संपला. मग माझ्याबद्दल चांगला शेरा त्याच क्षणी मला मिळायला हवा. विकणारा म्हणे: व्यवहार तिथे संपत नाही. वस्तू पोचल्यावर घेणारा कसा वागतो, उगाच तक्रार करतो का, वापरून परत पाठवतो का, कार्डाचे पैसे परत ओढून घेतो का, हे कळल्याशिवाय मी प्रशस्तिपत्र कसं देऊ?

दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. पण व्यवहारात झालं असं, की बरेच अनुभवी विकणारे थांबून राहू लागले. घेणारा चांगलं लिहितो का ते बघायचं. लिहिलं, की आपणही चांगलं लिहायचं. त्याने वाईट लिहिलं, की त्याच दिवशी त्याच्या नावावर वाईट शेरा, मग त्याने पैसे मिनिटभरही उशीर न करता दिलेले असोत. घेणाऱ्याची पत अशी ओलीस ठेवली गेली. भरीला एक सोय होती: दोघांनी संमती दिली तर दोन्ही शेरे मागे घेता येत. सोय चांगल्या हेतूने दिलेली, पण तिचा उपयोग असा झाला की सूडाचा शेरा द्यायचा आणि मग म्हणायचं, तू तुझा मागे घे, मी माझा घेतो.

इथे साक्षीचं रूपांतर देवघेवीत झालं. 'तू माझी पाठ खाजव, मी तुझी खाजवतो' असा मामला. आणि ज्याला खरंच वाईट अनुभव आला, तो काय करणार? गप्प बसणार. क्रिसांथोस डेलारोकास आणि चार्ल्स वुड यांनी २००८ च्या आपल्या अभ्यासात नेमकं हेच धरलं की शेरा न देणं हीसुद्धा माहिती आहे. गप्प बसलेल्यांना हिशेबात घेतलं की समाधानाचं चित्र ९९ टक्क्यांपेक्षा बरंच खाली येतं.

तुम्ही म्हणाल, एका वाईट शेऱ्याने असं काय होतं? होतं. रेझनिक आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. जुन्या पोस्टकार्डांचा एक नावाजलेला विक्रेता घेतला. एकसारखी पोस्टकार्डं काही त्याच्या जुन्या नावाने आणि काही नव्या, कोऱ्या नावांनी विकायला लावली. जुन्या नावाला घेणारे सरासरी ८.१ टक्के जास्त किंमत द्यायला तयार होते. वस्तू तीच, माणूसही तोच! दुसरा अभ्यास लुईस काब्राल आणि आली होर्ताचसू यांचा. विक्रेत्याला पहिला वाईट शेरा मिळाला की दर आठवड्याला ५ टक्क्यांनी वाढणारी त्याची विक्री ८ टक्क्यांनी घटू लागते, असं त्यांना आढळलं. घरच्या माळ्यावरच्या वस्तू विकून पोट भरणाऱ्या माणसाला हा फटका लहान नाही. म्हणून तर पतीचाही बाजार भरला. एका सेंटला एखादी कविता किंवा पाककृती 'विकायची', आणि बदल्यात दोघांनी एकमेकांना चांगले शेरे द्यायचे, असे व्यवहार जेनिफर ब्राउन आणि जॉन मॉर्गन यांनी नोंदवले आहेत. विकली जात होती ती पाककृती नव्हे, पत.

२००८ : सारखेपणा की न्याय?

ईबेने हे ओळखलं. त्यांच्यापुढे दोन मार्ग होते. गॅरी बोल्टन, बेन ग्राइनर आणि आक्सेल ओकेनफेल्स या संशोधकांनी दोन्ही अभ्यासले. एक असा, की दोघांचे शेरे झाकून ठेवायचे आणि दोघांनी दिल्यावर किंवा मुदत संपल्यावर एकदमच उघडायचे, म्हणजे कोणी कोणाचं बघून लिहिणार नाही. दुसरा असा, की घेणाऱ्याला स्वतंत्र, निनावी गुण देता यावेत. ईबेने २००७ मध्ये दुसरा मार्ग घेतला: वर्णन, संवाद, पाठवण्याचा वेळ, टपालखर्च अशा चार बाबींवर एक ते पाच तारे. एकेकटा आकडा विक्रेत्याला दिसत नसे, फक्त सरासरी दिसे.

मग जानेवारी २००८ मध्ये मोठा निर्णय जाहीर झाला, तो मे महिन्यात लागू झाला: विक्रेता घेणाऱ्याला फक्त चांगलाच शेरा देऊ शकेल. मधला नाही, वाईट तर नाहीच. कारण सरळ होतं. सूडाच्या भीतीने घेणारे खरं बोलत नव्हते, आणि ज्यांना असा सूडाचा शेरा बसे ते बाजारात यायचे कमी होत. विक्रेते खवळले. शुल्कातल्या बदलांचाही राग होताच. १८ फेब्रुवारी २००८ पासून आठवडाभर अनेक विक्रेत्यांनी ईबेवर माल न लावण्याचा बहिष्कार पुकारला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आरोप करायचा अधिकार एकाला, आणि दुसऱ्याने फक्त स्तुती करायची? हा कुठला न्याय?

मित्रहो, या प्रश्नाचं उत्तर घाईने देऊ नका. आपल्या मनात न्याय म्हणजे सारखेपणा असं समीकरण पक्कं बसलेलं असतं. अ‍ॅरिस्टॉटलने मात्र फार पूर्वी सांगून ठेवलं आहे की समानांना समान वागवणं हा न्याय, आणि असमानांना समान वागवणं हा अन्याय होऊ शकतो. घेणारा आणि विकणारा या व्यवहारात समान जागी उभे आहेत का? घेणारा पैसे आधी देतो. त्या क्षणी त्याच्याकडे फक्त एक छायाचित्र आणि चार ओळींचं वर्णन असतं. वस्तूचा दोष विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही. जॉर्ज अकरलॉफने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचं उदाहरण घेऊन दाखवलं होतं की या माहितीच्या विषमतेने चांगला माल बाजारातून हद्दपार होऊ शकतो. उलट विकणाऱ्याचा धोका कमी, कारण पैसे हातात आल्याशिवाय तो वस्तू पाठवतच नाही. म्हणून साक्ष देण्याची गरज दोघांची सारखी नाही. १९९६ ची रचना दिसायला समतोल होती, पण झुकलेल्या जमिनीवर ठेवलेला तराजू होता तो. माझ्या मते २००८ चा निर्णय सारखेपणाच्या विरुद्ध गेला, पण न्यायाच्या दिशेने गेला.

दिशेने, असं मी म्हणतो. पोचला असं म्हणत नाही. कारण नवा अन्याय लगेच उगवला. काही घेणाऱ्यांच्या लक्षात आलं की आता आपल्या हातात एकतर्फी हत्यार आहे. 'अर्धे पैसे परत दे, नाहीतर वाईट शेरा देतो.' काल घेणारा ओलीस होता, आज विकणारा. ईबेला अशा धमक्यांविरुद्ध नियम ठेवावे लागले: जे विक्रीच्या अटींत नव्हतं ते शेऱ्याच्या धाकाने मागायचं नाही. भूमिका बदलल्या, पण दोष तोच राहिला. शेरा सांगण्यासाठी न वापरता काहीतरी मिळवण्यासाठी वापरणं.

एक डॉलर ४४ सेंट

आता एक खटला सांगतो. २०१३ मधला, आणि योगायोगाने पुन्हा ओहायोतला. तिथल्या एका वैद्यकीय उपकरणं विकणाऱ्या कंपनीकडून साउथ कॅरोलायनातल्या एका बाईंनी ईबेवर वस्तू घेतली. पार्सल आलं तेव्हा टपालखर्च अपुरा भरलेला होता, वरचे १.४४ डॉलर त्यांना टपालखात्याला द्यावे लागले. त्यांनी तसा शेरा लिहिला. कंपनी ही रक्कम परत द्यायला तयार होती, पण शेरा काढा म्हणाली, आणि तो निघेना तेव्हा कोर्टात गेली. गंमत बघा, शेऱ्यातली गोष्ट खोटी आहे असं कंपनीचं म्हणणं नव्हतंच. तिचं म्हणणं होतं की यामुळे आमचा गुणांक घसरतो. प्रकरणाचा गवगवा झाला, ग्राहकहक्कांसाठी लढणाऱ्या 'पब्लिक सिटिझन' संस्थेचे वकील पुढे आले, आणि कंपनीने दावा मागे घेतला.

१८५१ आणि २०१३ शेजारी ठेवून पाहा. पहिल्या खटल्यात एका माणसाच्या घरातली कुजबूज त्याच्या पाठीमागे लिहिली गेली होती. त्याची तक्रार समजण्यासारखी आहे. त्याला उत्तर द्यायला जागाच नव्हती. दुसऱ्यात एका ग्राहकाने स्वतः अनुभवलेली, खरी, व्यवहाराशी थेट संबंध असलेली गोष्ट उघड लिहिली, आणि कंपनीला खाली उत्तर द्यायची सोय होती. 'चूक आमची, पैसे परत केले' एवढी एक ओळ पुरली असती. खऱ्या शेऱ्याने पत जाते ती शेरा लिहिणाऱ्यामुळे जात नाही. पुढे डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेत कायदाच झाला की छापील करारात ग्राहकाला प्रामाणिक अभिप्राय देण्यापासून रोखणारी किंवा त्याबद्दल दंड लावणारी अटच ग्राह्य धरली जाणार नाही.

आणि झाकलेल्या शेऱ्याचा जो मार्ग ईबेने घेतला नाही, तो इतरत्र आला. घरं भाड्याने देण्याघेण्याचं काम करणाऱ्या एअरबीएनबीने २०१४ पासून यजमान आणि पाहुणा दोघांचे अभिप्राय, दोघांनी लिहिल्यावर किंवा १४ दिवसांनी, एकाच वेळी उघडायला सुरुवात केली. तिथे पाहुणा यजमानाच्या घरात राहतो, धोका दोघांनाही आहे, म्हणून दोघांनाही बोलू देणं तिथे योग्य ठरतं. म्हणजे एकच नियम सर्वत्र न्याय्य नसतो. कोण किती उघड्यावर उभा आहे हे आधी पाहावं लागतं.

कांटचा दुकानदार

एक शंका शिल्लक राहते. शेऱ्याच्या भीतीने प्रामाणिक वागणारा विक्रेता खरोखर प्रामाणिक म्हणायचा का? इमॅन्युएल कांटने १७८५ सालच्या आपल्या नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात एका दुकानदाराचं उदाहरण दिलं आहे. तो अजाण गिऱ्हाइकालाही जास्त भाव लावत नाही, लहान मूलसुद्धा त्याच्याकडे निर्धास्त खरेदी करू शकतं. पण तो असं वागतो कारण त्यात धंद्याचा फायदा आहे. कांट म्हणतो, त्याचं वागणं कर्तव्याला धरून आहे, पण कर्तव्यापोटी नाही.

ईबेने असे लक्षावधी दुकानदार घडवले. मला यात वाईट वाटत नाही. गिऱ्हाइकाला वस्तू नीट मिळाली हे काही थोडं नाही, आणि भीतीने लागलेली सवय कधीकधी स्वभाव बनते. पण कांटची कसोटी मी विक्रेत्याला लावण्याऐवजी शेरा लिहिणाऱ्याला लावू इच्छितो. कारण विक्रेत्यावर नजर ठेवायला शेरा आहे. शेरा लिहिणाऱ्यावर नजर ठेवायला काय आहे? त्याच्या शेऱ्याला पुन्हा शेरा द्यायचा का? ही साखळी कुठेतरी थांबतेच, आणि जिथे थांबते तिथे फक्त त्या माणसाचा विवेक असतो.

आपल्याकडेही हा प्रश्न पोचून बराच काळ झाला. मुंबईची 'बाझी डॉट कॉम' ही लिलावाची कंपनी २००४ मध्ये ईबेने विकत घेतली. ईबेचं भारतातलं ते दुकान २०१८ मध्ये बंद झालं. पण शेरे द्यायची सवय आपल्याला लागली ती लागलीच. आज रिक्षापासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे तारे आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी 'आयएस १९००० : २०२२' हे मानक आणलं. लिहिणारा खरा ग्राहक आहे का हे तपासणं, अभिप्राय निवडून दाबून न ठेवणं, अशा गोष्टी त्यात आहेत. सुरुवात म्हणून ते ऐच्छिक ठेवलं गेलं. मानकं हवीतच. पण मानक फक्त एवढंच सांगू शकेल की साक्षीदार घटनास्थळी हजर होता. तो खरं बोलला का, हे मानकाला कळत नाही.

म्हणून समारोपाला तीनच गोष्टी सांगतो, त्याही या इतिहासातून निघालेल्या. शेरा लिहिताना स्वतःला विचारायचं: हे मी स्वतः अनुभवलं आहे का? बदल्यात काही मिळावं, किंवा काही चुकावं, म्हणून तर मी हे लिहीत नाही ना? आणि ज्याच्याबद्दल लिहितोय त्याला आधी सांगून बघितलं का, त्याला दुरुस्तीची संधी दिली का? तिसरी गोष्ट यंत्रणा मागत नाही. पण समोरच्याच्या वाट्याला दर आठवड्याची विक्री घटणं येणार असेल, तर तेवढा एक निरोप आपण त्याला देणं लागतो. आणि निरोप देऊनही त्याने ऐकलं नाही, तर मग मात्र गप्प बसू नका. तुम्ही गप्प बसलात की तुमच्यानंतर येणारा माणूस त्या ९९ टक्क्यांवर विश्वास ठेवून पैसे पाठवतो.

वेळ झाली आहे. तुमचे प्रश्न असतील, त्यातही विशेषतः ऑनलाइन काही विकणारे कोणी इथे असतील तर त्यांचे, मला ऐकायला आवडतील, कारण त्यांची बाजू आज मी थोडक्यातच मांडली.